चंदन पोसायचं तर आधी तूर पोसा

धुळे-जळगावच्या बाजूला कुणी कापसाला कंटाळून चंदन लावलं, कुणी बरड जमीन कामी यावी म्हणून, तर कुणी 'एकरी कोटी'चा व्हिडिओ बघून. लावून दोनेक वर्षं झाली की तक्रार सगळ्यांची सारखीच असते : "पानं पिवया पडी ऱ्हायनात, झाड वाढस नही." मग शेणखत घालून होतं, युरिया देऊन होतो, कुणीतरी सांगितलेलं टॉनिकही मारून होतं. झाड ढिम्म. अशा शेतात गेल्यावर चंदनाकडे नंतर बघावं. आधी त्याच्या आजूबाजूला काय जिवंत आहे ते बघावं. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं. वाळलेल्या तुरीचं एखादं खुंट असतं, किंवा निंदून-खुरपून स्वच्छ केलेली जमीन.

चंदन हे परजीवी झाड आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातलं पाणी व अन्नद्रव्यं ओढून घेतात. देवघरातल्या सहाणेवर उगाळायचं हे झाड दुसऱ्याच्या जिवावर जगतं हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण वनस्पतिशास्त्राला ही गोष्ट 1871 पासून माहीत आहे. त्या वर्षी जॉन स्कॉट यांनी चंदनाच्या मुळांचं हे वागणं नोंदवलं. आंब्यावर वाढणारं बांडगूळ आणि चंदन वर्गीकरणात एकाच गणात बसतात, म्हणजे ही दोघं लांबची भावकीच.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला परजीवी वनस्पती नवीन नाहीत. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल नावापुरतीही हिरवी नसते. तिचं सगळं पोट दुसऱ्यावर. बांडगुळाला हिरवी पानं असतात, ते स्वतःची साखर स्वतः तयार करतं आणि पाणी व क्षार तेवढे आंब्याचे घेतं. ज्वारीतला टारफुला हेच काम जमिनीखाली, ज्वारीच्या मुळांवर करतो. चंदनाची जात या टारफुल्याची : वर हिरवं, खाली चोर. शास्त्रात याला अर्धपरजीवी म्हणतात. चंदनाची पानं उन्हात आपला स्वयंपाक नीट करतात, पण त्याला लागणारं बरंचसं पाणी आणि नत्र, स्फुरद, पालाश बाहेरून येतं.

ते येतं कसं, हे एकदा नीट समजलं की पुढची सगळी निगा आपोआप कळते. चंदनाच्या कोवळ्या मुळावर लहान घंटेच्या आकाराची गाठ तयार होते. तिला शोषकमूळ म्हणतात. ही गाठ शेजारच्या मुळाला घट्ट धरते, मधून एक पाचर आत घुसवते आणि थेट त्या मुळातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचते. गावात विजेच्या तारेवर आकडा टाकतात तसाच हा प्रकार. मीटर शेजाऱ्याचं, पंखा आपला. फरक इतकाच की चंदन एका तारेवर थांबत नाही. एक झाड एकाच वेळी अनेक झाडांवर, झुडपांवर, गवतावर, कधी दुसऱ्या चंदनावर आणि चक्क स्वतःच्याच मुळांवरही आकडे टाकतं. आजवर 300 हून जास्त जातींच्या वनस्पतींवर चंदनाची अशी जोड आढळली आहे.

पण नुसता आकडा टाकून पाणी आपल्याकडे का वळावं? इथे चंदनाची खरी चलाखी आहे. पाणी नेहमी ओढ जास्त असेल तिकडे जातं, आणि ही ओढ पानं निर्माण करतात. पानांतून जितकी वाफ जास्त जाईल तितकं खालून पाणी ओढलं जातं. अर्धपरजीवी वनस्पती सहसा आपल्या पानांची छिद्रं यजमानापेक्षा, म्हणजे ज्याच्यावर त्या पोसल्या जातात त्या झाडापेक्षा, सढळ हाताने उघडी ठेवतात, म्हणून दोघांच्या जोडलेल्या मुळांत पाण्याचा प्रवाह यांच्याकडे झुकतो. त्या पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्यंही सोबत येतात. आता उलट बाजूने विचार करा. यजमानालाच पाणी मिळालं नाही तर चंदन काय ओढणार? आणि यजमान मेला तर? चंदनाच्या स्वतःच्या मुळांवर पाणी शोषणारे बारीक केस फारसे नसतात. म्हणून त्याच्या बुडाशी कितीही खत ओतलं तरी ते उचलण्याची त्याची ऐपत कमी पडते. युरिया देऊन झाड ढिम्म राहतं ते यामुळे.

थोडक्यात, चंदनाची लागवड करणारा माणूस खरं तर यजमान झाडांची शेती करत असतो. माझ्या मते नर्सरीवाल्याने रोप विकताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी, आणि नेमकी तीच सांगायची राहते.

यजमान कोणता निवडावा? 300 जाती चालतात याचा अर्थ सगळ्या सारख्या चांगल्या असा होत नाही. शेंगवर्गीय झाडं साधारणपणे सरस ठरतात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो आणि त्यातला वाटा चंदनाला मिळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुरा भागात भारतीय चंदनाची मोठी लागवड आहे. तिथे 1990 च्या दशकात वेगवेगळे यजमान लावून प्रयोग झाले, त्यांत शेवरीच्या कुळातली आणि बाभळीच्या कुळातली झाडं पुढे राहिली, नदीकाठची निलगिरी मात्र चंदनाला पोसण्यात मागे पडली. आपल्या बांधावर निलगिरी आहे म्हणून तिच्या शेजारी चंदन लावण्यात काही हशील नाही.

आपल्याकडे हाताशी काय काय आहे ते बघू. तूर, शेवरी, हादगा, करंज, शिरीष, बाभूळ, खैर, सुरू, कडुनिंब, मलबार नीम म्हणून विकलं जाणारं मिलिया डुबिया. फळझाडांत सीताफळ, आवळा, डाळिंब. यातली कुठली कधी लावायची हा प्रश्न मोठा, कारण चंदनाला आयुष्यात एकामागून एक तीन प्रकारचे यजमान लागतात.

पहिला यजमान पिशवीतला. बियातल्या शिदोरीवर रोप काही महिने एकटं जगतं, दिसायलाही बरं दिसतं. त्यानंतर मात्र आधार नसेल तर पिवळं पडून खुरटतं. म्हणून नर्सरीत चंदनाच्या पिशवीतच सोबतीण लावतात. बहुतेक ठिकाणी तूर, कुठे मिरची, कुठे लाल पानांची शोभेची अल्टरनॅन्थेरा. मला अल्टरनॅन्थेरा आवडते. ती जमिनीलगत पसरते, छाटली की पुन्हा फुटते, आणि चंदनाच्या डोक्यावर बसत नाही. तुरीचा जोर फार. महिन्या-दीड महिन्यात ती चंदनाला झाकून टाकते, म्हणून तिचे शेंडे सारखे खुडावे लागतात. रोप विकत घेताना पिशवीत ही सोबतीण जिवंत आहे का ते बघा. 'वाहतुकीला अडचण होते' म्हणून उपटून टाकलेली असेल तर ती रोपं घेऊ नका. खोड तळाशी तपकिरी झालेलं, उंची साधारण फूटभर आणि मुळं पिशवीत गुंडाळी मारून न बसलेली, असं रोप चांगलं. उंच, हिरवंगार आणि लवलवणारं रोप बघून भुलू नये. ते सावलीत आणि युरियावर वाढवलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा यजमान शेतातला, पहिल्या दोन-चार वर्षांचा. खानदेशात घोळ होतो तो इथे.

आपली रीत अशी की जूनमध्ये पाऊस पडला की लागवड, चंदनाच्या दोन्ही बाजूंना तुरीचे चार-चार दाणे, काम फत्ते. तूर वाढते, चंदनही पावसाळाभर छान तरारतं. डिसेंबर-जानेवारीत तूर कापणीला येते, आपण ती बुडापासून काढतो, तुराट्या सरपणाला जातात. आणि मग फेब्रुवारीपासून ऊन चढू लागतं. जळगाव-भुसावळचा मे 45 अंशांच्या घरात जातो हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या चार महिन्यांत चंदनाला यजमानाची सगळ्यात जास्त गरज, त्याच चार महिन्यांत आपण त्याच्या सगळ्या तारा कापलेल्या असतात. पहिल्या उन्हाळ्यात झालेल्या मरीचा दोष मग रोपांना दिला जातो.

उपाय अवघड नाही. तूर हे मुळात दोन-तीन वर्षं जगू शकणारं झुडूप आहे, आपण पीक म्हणून ते एका हंगामात संपवतो. चंदनाजवळची तूर शेंगा काढून झाल्यावर गुडघाभर उंचीवर छाटा, मूळ जागेवर राहू द्या आणि उन्हाळ्यात तिला पाणी द्या. ती पुन्हा फुटेल. यासाठी लवकर येणारं वाण न घेता उशिरा पक्व होणारं, दांडगं वाढणारं वाण घ्यावं. शिवाय त्याच पावसाळ्यात प्रत्येक चंदनाजवळ शेवरी किंवा हादग्याचं एखादं झाड लावून ठेवा. शेवरी भराभर वाढते, शेळ्यांना पाला होतो, आणि तूर थकेपर्यंत तिची मुळं चंदनापर्यंत पोचलेली असतात. जागाही विचार करून निवडा : यजमान चंदनाच्या पश्चिमेला किंवा नैऋत्येला असला तर दुपारनंतरचं मारकं ऊन तोच अडवतो. कोवळ्या चंदनाला थोडी विरळ सावली मानवते. पुढे मोठं झाल्यावर मात्र त्याला मोकळं ऊन हवं, तेव्हा यजमानाच्या फांद्या छाटून आकाश उघडं करावं लागतं.

तिसरा यजमान कायमचा. चंदन पंधरा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त उभं राहणार, तेव्हा तितकी वर्षं टिकणारा सोबती पहिल्या-दुसऱ्या वर्षीच लावायला हवा. करंज, शिरीष, खैर, बाभूळ, सुरू यांतलं जे तुमच्या जमिनीत आधीच चांगलं येतं ते. साधारण दहा-बारा फुटांवर चंदन आणि दोन चंदनांच्या मध्ये एक यजमान, ही मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. सगळे यजमान एकाच जातीचे ठेवू नयेत. एका जातीवर कीड आली किंवा ती एकदम वाळली, तर सगळं शेत एकाच वेळी अनाथ होतं. मलबार नीमची जाहिरात जोरात आहे, सहा-आठ वर्षांत प्लायवूडला विकता येतं म्हणून. लावा, हरकत नाही. पण ज्या दिवशी ते तोडाल त्या दिवशी त्यावर जोडलेल्या चंदनाचा पुरवठा बंद होणार हे लक्षात ठेवा आणि एका वर्षी एकाआड एकच झाड तोडा.

सीताफळ, डाळिंब, आवळा यजमान म्हणून लावले तर मधल्या काळात पैसा येतो हे खरं. त्याचबरोबर चंदन या फळझाडांतून पाणी आणि अन्न काढणार, म्हणजे फळाचं उत्पन्न थोडं बसणार, हेही तितकंच खरं. दोन्हीकडून भरघोस मिळेल असं सांगणाऱ्याला विचारा की मग चंदन खातंय कुठून.

आता जमिनीचं. चंदनाला पाण्याचा निचरा हवा, बाकी ते फार नखरे करत नाही. तांबडी, मुरमाड, खडकाळ, उताराची जमीन त्याला चालते. वर्षाला 500-600 मिलिमीटर पावसापासून पुढे ते जगतं, म्हणजे खानदेशातला पाऊस त्याला पुरतो. सातपुड्याच्या पायथ्याची चोपडा-शिरपूर-शहाद्याकडची मुरमाड पट्टी आणि साक्रीकडची बरड माळरानं या दृष्टीने बरी. तापीकाठची काळी कसदार जमीन मात्र इथे अडचणीची. केळीला सोन्यासारखी असलेली ही माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, चंदनाची मुळं गुदमरतात आणि कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात, सोबत जोडही. काळ्या जमिनीत लावायचंच असेल तर उंच गादीवाफ्यावर लावा, दोन ओळींत चर काढा आणि भेगा पडू नयेत म्हणून बुडाशी पाचटाचं किंवा पाल्याचं आच्छादन ठेवा. केळीच्या बागेत कडेला चंदन लावून दोन्ही एकाच पाण्यावर सांभाळायचा विचार डोक्यातून काढून टाकावा. रावेर-यावलमध्ये केळीला जे पाणी पुरतं ते चंदनाला बुडवतं, शिवाय केळीच्या जमिनीत सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांचा, उपद्रवही असतो आणि चंदनाची कोवळी मुळं त्यांना चटकन बळी पडतात.

ठिबक करणार असाल तर नळीचं तोंड कुठे ठेवायचं, यावर दोन घटका विचार करा. बहुतेक जण ते चंदनाच्या खोडाशी ठेवतात. पहिल्या काही महिन्यांनंतर ते हळूहळू यजमानाकडे सरकवा, म्हणजे दोघांच्या मुळांची भेट ओल्या जागेत होते आणि यजमान ताजातवाना राहतो. खताचंही तसंच. शेणखत यजमानाच्या आळ्यात गेलं तरी चंदनाला ते पोचतं.

ज्यांना बियांपासून रोपं करायची हौस आहे त्यांच्यासाठी थोडं. चंदनाला वर्षातून साधारण दोन बहर येतात. फळं करवंदाएवढी, आधी तांबूस आणि पिकल्यावर जांभळी-काळी. बुलबुल, कोकिळा, साळुंक्या ती खातात आणि बी दूरवर टाकतात. बांधावर, नाल्याकाठच्या झुडपात किंवा जुन्या बंगल्याच्या आवारात आपोआप उगवलेलं चंदन दिसतं ते या पाखरांचंच काम, आणि ते हटकून एखाद्या झुडपाच्या कुशीत असतं. पाखरू फांदीवर बसून विष्ठा टाकतं, त्यामुळे बी पडतं ते यजमानाच्या पायाशीच. झाडावर पूर्ण पिकलेली फळं गोळा करा, गर चोळून धुवा आणि बी सावलीत वाळवा. एका किलोत साधारण 6000 बिया बसतात. ताजं बी सहसा उगवत नाही, त्याला दोनेक महिने विश्रांती लागते. द्राक्षवाले ज्याला 'जीए' म्हणतात ते जिबरेलिक ॲसिड लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात घेऊन त्यात बी रात्रभर भिजवलं तर उगवण लवकर आणि एकसारखी होते. नाहीतर एका वाफ्यातली बिया चार आठवड्यांपासून ते तीन महिन्यांपर्यंत हळूहळू उगवत राहते आणि धीर सुटतो. वाफा तीन भाग वाळू आणि एक भाग तांबडी माती असा मोकळा असावा, बी उथळ पेरावं, वर भाताचा पेंढा किंवा गवत पसरावं. ओल हवी, चिखल नको. चिखल झाला की कोवळी रोपं मर रोगाने आडवी पडतात. चार पानांवर आलं की रोप पिशवीत हलवायचं. त्या वेळी मुळाला ऊन लागू देऊ नका, काम संध्याकाळी करा. सोबतीण त्याच सुमारास पिशवीत गेली पाहिजे. सहा-आठ महिन्यांनी रोप शेतात जायला तयार होतं.

लागवडीनंतर चंदन मरण्याची काही कारणं आपणच घडवून आणतो. त्यात पहिलं रोटाव्हेटर. शेत स्वच्छ दिसलं पाहिजे हा आपला हट्ट असतो, आणि चंदनाची ओढणारी मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. ओळींमध्ये एक फेरा मारला की शेकडो जोडण्या तुटतात. आंतरपीक म्हणून कपाशी घेतली असेल तर पऱ्हाटी उपटताना तेच होतं. ती उपटण्याऐवजी कापावी. तणनाशकाचंही जपूनच. चंदनाच्या आसपासच्या तणाच्या मुळांवरही त्याचे आकडे पडलेले असू शकतात, त्यामुळे मुळांपर्यंत झिरपणारं औषध मारण्यापेक्षा तण विळ्याने कापून जागेवरच पसरणं शहाणपणाचं. गवत पूर्ण काढलंच पाहिजे असंही नाही. शेळ्यांना चंदनाचा पाला फार आवडतो, तेव्हा पहिली तीन-चार वर्षं कुंपणाशिवाय गत्यंतर नाही. बांध पेटवायची सवय असलेल्या शिवारात आगीची पट्टी काढून ठेवा, चंदन आगीला अगदी नाजूक आहे. छाटणी हलकीच : खालच्या बारीक फांद्या कोवळ्या असतानाच काढून खोड माणसाच्या उंचीपर्यंत सरळ करावं. जाड फांदी तोडली की जखमेतून कीड आणि कूज आत शिरते. खोडकिडीचा भुसा बुंध्याशी दिसला तर लगेच बघा, उशीर केला तर आतून पोखरलेलं झाड वाऱ्याने मोडतं.

रोगांत भीती एकाच रोगाची, स्पाइक म्हणतात त्याची. 1899 मध्ये कर्नाटकातल्या कोडगूमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला. फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे तो होतो आणि तुडतुड्यांसारखे कीटक तो पसरवतात. पानं दरवेळी लहान, अरुंद, ताठ येत जातात आणि फांदी काट्यांच्या कणसासारखी दिसू लागते. इलाज नाही. झाड काढून टाकणं एवढंच हातात राहतं. नेहमीच्या पिवळेपणाला मात्र कुणी स्पाइक समजू नये. आपल्याकडचं पिवळं चंदन बहुतेक वेळा उपाशी चंदन असतं.

एवढं सगळं कशासाठी, तर खोडातल्या गाभ्यासाठी. चंदनाच्या पानाला वास नाही, फुलाला जवळजवळ नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही नाही. तेल असतं ते आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात आणि मुळांत. गाभा धरायला साधारण दहा वर्षांपुढे सुरुवात होते, पण तो कधी आणि किती धरेल हे झाडागणिक बदलतं. शेजारी-शेजारी लावलेल्या एका वयाच्या दोन झाडांत एकाला मनगटाएवढा गाभा आणि दुसऱ्याला करंगळीएवढाही नाही, असं घडतं. म्हणूनच 'बाराव्या वर्षी प्रत्येक झाडाचा इतका किलो गाभा' असा हिशेब छापणाऱ्या पत्रकावर मी तरी विश्वास ठेवत नाही. त्या गणितात न मेलेली झाडं, न चोरलेली झाडं आणि भरपूर गाभ्याची झाडं अशी सगळी गृहीत धरलेली असतात. आणखी एक गल्लत टाळा : रक्तचंदन हे वेगळंच झाड. ते शेंगवर्गीय आहे, त्याला यजमान लागत नाही आणि त्याच्या लाकडाला चंदनाचा सुगंधही नाही. 'लाल चंदन, पांढरं चंदन, दोन्ही एकच' म्हणून रोपं खपवणारे भेटतात, त्यांच्यापासून दूरच राहावं.

चोरीचं सांगायलाच हवं. महाराष्ट्रात सरकारी बंगल्यांच्या आवारातून रातोरात चंदन कापून नेल्याच्या बातम्या येत असतात, तिथे शेताची काय कथा? चोर बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून गाभा आहे का ते आधी तपासून जातात. असं ताजं भोक दिसलं की समजायचं, पहारा वाढवायची वेळ आली. घरापासून लांबच्या मळ्यात चंदन लावण्याआधी दहाव्या वर्षापासून पुढे तिथे रात्री कोण झोपणार, याचं उत्तर तयार ठेवा.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. टिपू सुलतानाने 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि म्हैसूरच्या मुलखात पुढे दोनशे वर्षं खाजगी शेतातल्या चंदनावरही सरकारचाच हक्क राहिला. त्यामुळे तिकडचे शेतकरी उगवलेलं रोपटंही उपटून टाकत. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तामिळनाडूने 2002 मध्ये जमीनमालकाला झाडाची मालकी दिली. महाराष्ट्रात चंदन लावायला मनाई नाही, पण 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ते आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. त्या वेळी कागद लागतील म्हणून लागवडीच्या वर्षीच सातबाऱ्यावर झाडांची संख्येसह नोंद करून घ्या आणि दरवर्षीच्या पीक पाहणीत ती टिकते आहे का ते तपासा. पंधरा वर्षांनी 'ही झाडं तुमचीच कशावरून' या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

परवाना हातात आला की झाड करवतीने जमिनीलगत कापू नका. बुंध्याभोवती खणून ते मुळांसकट उपटायचं असतं, कारण तेलाचं प्रमाण सगळ्यात जास्त मुळांच्या गाभ्यात असतं, आणि वर जाल तसं ते कमी होत जातं. खणताना यजमानाची मुळं शक्यतो वाचवा. शेजारचं चंदन अजून गाभा धरत असेल, तर त्याला ती पुढची काही वर्षं लागणार आहेत.